आईचा उजवा डोळा

२ फेब्रुवारी
आलो बाई एकदाचे! डोळ्यांच्या नव्या दवाखान्यात आज रुजू झाले. राहायला वरचाच मजला, त्यामुळे आई खूश. मोठे डॉक्टर मितभाषी, सिस्टर फटकळ. माझं तिच्याशीच जमणार.

आईचा डावा डोळा कधीचाच गेलाय. उजव्यातला मोतीबिंदू मीच काढणार. पण भिंग ज्या बारीक धाग्यांनी धरलेलं असतं, ते सैल पडलेत. नजर फिरवली की भिंग लटपटतं. आत आधाराला कडी बसवावी लागेल. मोठे डॉक्टर म्हणाले, आपल्या माणसावर आपण हत्यार चालवू नये. मी म्हटलं, माझा हात थरथरत नाही. जरा आगाऊपणाच झाला.

५ फेब्रुवारी
ऑपरेशन झकास! धागे तुटायच्या बेतात होते, पण कडी बसली, नवं भिंगही मधोमध. सिस्टरनेसुद्धा मान डोलावली, म्हणजे बघा.

६ फेब्रुवारी
पट्टी काढली. आई मला बघून हसली. मग माझ्या खांद्यामागे बघत विचारलं, या बाई कोण? मागे कुणीच नव्हतं. सिस्टरच्या हातातला ट्रे पडला. म्हणे, मागे इथल्या एका डॉक्टरने स्वतःच्या आईवर हत्यार चालवलं होतं, तेव्हाही ही बाई आली होती. मी सिस्टरला चांगलंच झापलं.

९ फेब्रुवारी
बाई घरात आलीय म्हणे. तिला तोंड नाही. आई बघत असली की ती जागची हलत नाही. डोळा मिटला की माझ्याकडे सरकते. म्हणून आई झोपतच नाही. मी आधी चिडले, मग रडले.

१२ फेब्रुवारी
भर दुपारी मानेवर गार श्वास. आईला डुलकी लागली होती. ती दचकून जागी झाली, माझ्यामागे बघत राहिली — मानेवरचा श्वास थांबला. आता पटलं. फार भीती वाटतेय.

१४ फेब्रुवारी
झोप येऊ नये म्हणून आई डोळा चोळत राहते. कडीसकट भिंग घसरलंय. टाके घालून बसवलं नाही तर आत पडेल, डोळा जाईल. आई ऐकत नाही. पट्टी बांधली तर तुझ्यावर लक्ष कोण ठेवील, म्हणते. दुसरीकडे जाऊ म्हटलं, तर म्हणे, ती तुझ्याबरोबर येईल गं.

१५ फेब्रुवारी
आई आंधळी झालेली मला बघवणार नाही. चहातून गुंगीचं औषध दिलं — मीच. या वेळी मोठे डॉक्टर करताहेत.

टाके बसले. डोळा वाचला!

पट्टी बांधली. आई गुंगीतच माझा हात चाचपतेय, मागे बघू नको म्हणते. तिच्या खाटेशी स्टुलावर बसून लिहितेय. पाठ टेकली तेव्हा जरा बरं —

स्टुलाला पाठ नसते. भिंत तर पार तिकडे — मग मी टेकलेय ती —