दीमकनं खाल्लेलं पान

बाबा, तीन दिवस झाले, समोरचा चहा निवून जातो अन् मी टेबलाशी नुसती बसून राहते. आज म्हटलं, तुम्हालाच लिहून टाकावं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, त्यामुळे उत्तराची घाई नाही.

आपल्या चर्चची जुनी रजिस्टरं आता मेथडिस्टांच्या इतिहासाच्या संग्रहात जाणार आहेत. बाप्तिस्म्याची, लग्नांची, दफनाची, आठवड्याच्या प्रार्थना-बैठकीच्या, म्हणजे क्लास मीटिंगच्या, हजेरीच्या वह्यासुद्धा. आधी पानापानाचा फोटो निघतो अन् यादी होते. जुनं अक्षर लावणारी मीच उरले, म्हणून दर शनिवारी तेलीबांध्याच्या घरून चर्चच्या ऑफिसात जाते. गेल्या शनिवारी फोटो काढणारे भैया एकदम हसायला लागले. "दीदी, दीमक पान कब से खाने लगी?" बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात एक पान नाही, अन् त्या जागी तुमच्या अक्षरात हिंदीत लिहिलेलं आहे : यह पान दीमक ने खाया. म्हणजे हिंदीत वाळवीनं विड्याचं पान खाल्लं! चाळीस वर्षं रायपूरच्या रेल्वेत हिंदी बोलले तुम्ही, पण पन्ना लिहायच्या जागी आपलं मराठी पान लिहून बसले! मीही हसले. मग भैयांनी शिवणीजवळचा काठ पाहिला अन् म्हणाले, "ये तो कैंची से कटा है."

कात्री आईची होती. नाताळच्या आदल्या दिवशी मी बांबूच्या कामट्यांचा तारा करून राहिली होती, नऊ वर्षांची असेन. पतंगी कागद चार टोकांनाच पुरला. रेल्वेची नोकरी सांभाळून चर्चची रजिस्टरं तुम्हीच लिहायचे; सूची करायला घरी आणलेलं एक मेजावर पडलं होतं. भरलेलं, म्हणजे संपलेलं, असं मला वाटलं. एक पान कापलं, उजेड यावा म्हणून खोबरेल चोळलं, चिकटवलं. दिवेलागणीला तुम्ही ड्यूटीवरून आले तर दारावर तारा पेटलेला, चार टोकं लाल अन् पाचव्यात बाप्तिस्मा झालेल्यांची नावं उजळलेली. तुम्ही सायकल धरून उभेच राहिले. "बल्ब बंद कर पोट्टे." "काहून?" "म्हणलं ना." मला वाटलं, विजेची काळजी. पण जेवताना तुम्ही तो प्रश्न विचारला, जो क्लास मीटिंगमध्ये एकेकाला विचारायचे अन् घरी फक्त तुम्ही. "कसा आहे तुया जीव?" मी म्हटलं, बरा आहे. तुम्ही पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, बरा आहे. मग तुम्ही वरणभात कालवत बसले.

शेजारच्या काकांनी पोराच्या शाळेसाठी जन्मतारीख एक वर्षानं पुढं करून मागितली, तेव्हा तुम्ही अंगणात त्यांच्यावर कडाडले होते, "रजिस्टरात खोटं लिहायचं नाही, पाय धरा नाही तर गळा धरा!" गल्लीभर ऐकू गेलं होतं. त्याच हातानं तुम्ही दीमक लिहिली. तुम्ही गेल्यावर तुमच्या पत्र्याच्या पेटीत, चष्म्याच्या डबीखाली, तेलानं पिवळं पडलेलं ताऱ्याचं ते पाचवं टोक सापडलं. तेव्हाच जाऊन सांगायचं होतं. नाही सांगितलं. चर्चमध्ये अजून लोक म्हणतात, तुमच्या बाबांनी लिहिलं म्हणजे पत्थर की लकीर. कोणत्या तोंडानं सांगू?

आणखी महिने काढले असते, पण भैया हसले त्याच दिवशी अभनपुरहून एक बाई आल्या, साठीच्या, हातात पिशवी. त्यांची आजी मिशनच्या वसतिगृहात वाढली. आईबाप कोण, कोणालाच ठाऊक नाही. "हमर डोकरी दाई कोन गाँव के रिहिस, बस अतके जानना हे." आजी कोणत्या गावची, एवढंच. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव अन् गाव असतं. भैयांनी साल काढलं, सूचीत पानाचा नंबर काढला. तेच पान. बाई म्हणाल्या, "दीमक तो दीमक, का करबे," अन् पदरानं तोंड पुसून निघाल्या. मी बघत राहिले, बाबा. हाक मारता आली नाही. घरी आले अन् तीन रात्री डोळा लागला नाही.

आज सकाळी ते टोक पिशवीत घालून गेले अन् बाईंना फोन करून बोलावून घेतलं. भैयांनी ते काचेवर ठेवलं. कात्रीत अर्धी नावं गेली आहेत, माझ्या हातानं गेली आहेत, पण त्यांच्या आजीची ओळ टोकाच्या मधोमध शाबूत निघाली. गाव अभनपुरपासून दोन कोसांवर. बाई काचेवर वाकल्या. मग म्हणाल्या, "उहाँ त मैं हर हफ्ता बजार जाथँव." दर आठवड्याला बाजाराला जातात, तेच गाव. अन् रडायला लागल्या. मीही रडले, लाज सोडून. ताऱ्याची गोष्ट सांगितली, तुम्ही तारा पाहिला ते अन् पेटीचं तेवढं गाळून.

मग भैयांनी यादीसाठी विचारलं, "और ये दीमक वाला नोट किसने लिखा?" मी म्हटलं, मीच. माराच्या भीतीपायी बाबांचं अक्षर गिरवून लिहिलं, बाबांना ठाऊकच नव्हतं. त्यांना पटलं. म्हणाले, तभी तो पान लिखा है, बच्ची थी. तसंच टाइप केलं.

आता संग्रहात तुम्ही खरे अन् मी खोटी. पण हे पत्र कुठं ठेवू? कोणाच्या हाती लागलं तर सगळ्यावर पाणी. आणलेलं पाकीट तसंच पडलं आहे, हे तुम्हाला वाचून दाखवलं की चुलीत घालीन म्हणते. एवढं सगळं निस्तरून आले तरी मघापासून उठते, बसते, दार उघडते, लावते. त्या दिवशी जेवताना तुम्हाला दोनदा सांगितलं होतं, जीव बरा आहे. नव्हता, बाबा. अजूनही थाऱ्यावर नाही.