तिसऱ्या हौदाचं पाणी

ता. ४ जानेवारी

ती. ताईस, धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

या इमारतीत माझ्या हातचं काय काय आहे ते आधी ऐक. जिन्याच्या अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, एकीचीही उंची सूतभर कमीजास्त नाही. मागची दगडी भिंत. आणि काँक्रीटचा मिक्सर धुतलेलं पाणी निवळायला ओळीनं तीन हौद. नकाशात नव्हते, मी वाचून वाचून बांधले. गाळ पहिल्या दोनांत बसतो. तिसऱ्यातून ओढ्यात जातं ते पाणी काचेसारखं, तळाला टाकलेला खिळा दिसतो. तेव्हा खालच्या अंगाला तुझ्या रोपवाटिकेत रोपं करपली, त्याचं खापर माझ्यावर फोडू नकोस. खत जास्त झालं असेल. तुझा हात पहिल्यापासून सढळ.

राग मानू नये. मानलाच तर पत्रानं कळवावा.
तुझा धाकटा

ता. ११ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

कळवते. खत मी वीस वर्षं चिमटीनं घालते आहे. चारशे रोपांची पानं कडेनं जळलीत, कुंड्यांवर पांढरा थर धरलाय. ओढ्यातले बेडूकही दिसेनासे झालेत, आणि त्यांना मी खत घालत नाही. ही रोपं महिन्या-दीड महिन्यात शाळांना द्यायची आहेत. ती गेली तर वाटिका बंद करून मुलाकडे राहायला जावं लागेल, आणि सूनबाईची शिस्त तू पाहिली आहेस. काल ओढ्यात हात बुडवले तर साबणाशिवाय बुळबुळीत झाले. तू पाण्याकडे नुसता बघतच बसणार का? एकदा हात घाल.

आशीर्वाद आहेतच, आज जरा कमी.
ताई

ता. १७ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

पत्र वाचलं तसा उठलो आणि तिसऱ्या हौदात कोपरापर्यंत हात घातला. बोटावरून बोट सटकलं. सिमेंटचं पाणी निवळलं तरी त्यातला चुना जात नाही. माझ्या भेगाळलेल्या बोटांना हे तीस वर्षं ठाऊक आहे, आणि मी खिळा बघत बसलो. चूक माझी. असं मी सहसा लिहीत नाही, तेव्हा पत्र जपून ठेव.

ओढ्याकडचं तोंड त्याच दुपारी विटांनी बुजवलं. हौदावर पंप बसवला. आता तेच पाणी मिक्सर धुवायला आणि काँक्रीट कालवायला. बाहेर थेंब नाही. ओढा धुऊन निघेतोवर रोपांना विहिरीचं पाणी दे.

उत्तराची वाट बघतोय, झोप लागत नाही.
धाकटा

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास पोटभर आशीर्वाद.

आता नीज बाबा. चारशेपैकी तीनशे बहात्तर जगली! नवी पानं कडेपर्यंत हिरवी आहेत. शाळावाले येऊन बघून गेले, पसंत म्हणाले. सूनबाईनं माझ्यासाठी रिकामी केलेली खोली पुन्हा भरून टाकली. दोघींनाही हायसं वाटलं. तुझी बायको म्हणत होती, इमारतीचे मालक घरी येऊन गेले. काय म्हणाले?

आहे तो लोभ दुप्पट धरावा.
ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र बायकोला दोनदा वाचून दाखवलं. अठ्ठावीस रोपं माझ्याकडे लागू. बिया आण, वाफे मी बांधून देतो, काटकोनात. येत्या रविवारी येतो.

माया आहे तशी राहो.
धाकटा

ता. क. मालकांना हौदांच्या जागी दोन गाड्यांचा तळ हवा होता. हौद राडारोड्यानं बुजवायचे आणि पाणी पूर्वीसारखं ओढ्यात सोडायचं. त्याबदल्यात पुढच्या दोन्ही इमारतींचं काम मला, वर रोख पाच लाख चाळीस हजार. मी नको म्हणालो.