वरच्या वर्गाचं क्रियापद

बाई, काल अण्णांना खरं काय ते सांगितलं. तुम्ही माझ्यावर सोपवलेलं हे एक काम मी सदतीस वर्षं लांबवलं, आणि तुम्हांला जाऊनच आता एकोणीस वर्षं झाली. म्हणजे शाबासकी मिळायची सोय नाही. तुम्ही असतात तरी मिळाली नसतीच म्हणा, ‘उशीर का?’ एवढंच विचारलं असतंत आणि उत्तर येईपर्यंत खडू हातात धरून उभ्या राहिला असतात. मागचं पुढं करून सांगितलेलं तुम्हांला चालायचं नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

आपली शाळा म्हणजे परभणीत स्टेशनच्या अलीकडं, चर्चच्या मागच्या पाच खोल्या. उन्हाळ्यात पत्रे असे तापायचे की दुपारचे तास तुम्ही बाहेर लिंबाखाली घ्यायच्या. खालच्या वर्गांना तुम्ही ‘पाठवाले’ म्हणायच्या, मधल्यांना ‘कावाले’ आणि वरच्यांना ‘बोलवाले’. लहान मुलांना पाठ करायला आवडतं, तर त्यांनी भरपूर पाठ करावं. मग प्रश्न पडायचं वय येतं, तेव्हा केलेल्या पाठाला ‘का’ विचारावं. आणि शेवटी जे पटलं ते उभं राहून, समोरच्याला कळेल असं बोलावं. ही फार जुनी ख्रिस्ती शाळांची रीत, तुम्ही मिशनच्या वसतिगृहात एका म्हाताऱ्या पाद्रींकडून लॅटिनसकट शिकलेली. आम्हांला रीतबीत काय कळतंय! शेजारची पोरं गाईडातली उत्तरं उतरवून काढत आणि आम्ही मात्र तोंडानं सांगत बसतो, म्हणजे आपली शाळा जरा अर्धवटच आहे, असं माझं बरेच दिवस मत होतं.

ते मत बदललं तो दिवस पक्का आठवतो. तुम्ही येशूचा पेरणाऱ्याचा दाखला सांगत होतात. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत. मी हात वर करून म्हणाले, ‘‘बाई, ह्यो शेतकरी येडा हाय का? पेरताना तिफणीच्या नळीतून तासातच पडतंय. बी वाटंवर कसं पडंल?’’ वर्ग खदखदून हसला. देवाच्या गोष्टीला नावं ठेवली, आता छडी बसणार म्हणून मी हात मागं लपवला. तर तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, ‘‘मला हे कधी सुचलंच नाही. मला माहीत नाही गं.’’ मास्तरकी करणाऱ्या माणसाच्या तोंडून ‘माहीत नाही’ मी त्याआधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला रांगेनं जिंतूर रोडच्या एका शेतावर घेऊन गेलात. तिथले आजोबा हसून म्हणाले, ‘‘तिफण नसंल तिथं मूठ भरून फोकायचं की. मंग पडतंय वाटंवर बी, बांधाधुऱ्यावर बी.’’ परत आल्यावर तोच दाखला तुम्ही पुन्हा सांगितलात आणि मला तो मूठ भरून बी उधळणारा माणूस दिसायला लागला. मी ख्रिस्ती झाले नाही, तुम्हीही कधी तसं सुचवलं नाहीत. पण देवाच्या गोष्टीलाही ‘का’ विचारता येतं आणि त्यानं देव रुसत नाही, हे मला तुमच्या वर्गात कळलं. त्याबद्दल मी फार ऋणी आहे, आणि हे तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही.

सहावीत असताना आमच्या चित्रकलेच्या तासाला मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर पडायची आणि बोलवाल्यांच्या दाराआड उभी राहायची. लॅटिन फक्त त्यांनाच होतं. आत तुम्ही म्हणायच्या, मागून सगळा वर्ग म्हणायचा: आमो, आमास, आमात. अर्थ एकदाच कानावर पडला होता, चाल मात्र डोक्यात बसली. रविवारी सकाळी मी चुलीपुढं भाकरी थापताना तेच म्हणत होते. आत्या तेव्हा आमच्याकडंच राहायची. तिनं शेंगा निवडता निवडता कान टवकारले आणि थेट ओसरीवर जाऊन अण्णांना सांगितलं, ‘‘दादा, पोरगी आमुशेचा मंतर म्हणायलीय. त्या चर्चच्या बाईनं शिकवला असंल.’’

अण्णा कचेरीतले कारकून. प्रत्येक गोष्टीचा खुलासा घ्यायची सवय. मला पुढ्यात उभं करून त्यांनी विचारलं, ‘‘अर्थ काय त्याचा?’’ मी अभिमानानं सांगितलं, ‘‘मी प्रेम करते, तू प्रेम करतोस, तो प्रेम करतो.’’ आत्यानं पदर तोंडाला लावला. ‘‘अगं बाई! आन् ह्यो ‘तो’ कोण?’’ आता हसू येतंय, तेव्हा अण्णांचा चेहरा बघून आलं नाही. बाटण्याची भीती होतीच, तिच्यात ही दुसरी भर पडली. अण्णा म्हणाले, ‘‘उद्यापासून शाळा बंद. आदुगर सांग, हे तुझ्या मनानं म्हणायलीस का कुणी म्हणायला लावलं?’’ मनानं म्हणते म्हटलं असतं तर मीच वाया गेलेली ठरले असते. मी म्हणाले, ‘‘बाई जबरदस्तीनं पाठ करून घेतात.’’ साफ खोटं. तुम्ही मला त्यातला एक शब्द शिकवला नव्हता.

सोमवारी मी आले नाही, तर संध्याकाळी पाचच्या सुमाराला तुम्ही स्वतःच दारात. पांढरी साडी, खांद्याला ती कापडी पिशवी. अण्णांनी खुर्ची दिली आणि लगेच विषयाला हात घातला, ‘‘बाई, तुमी लेकरांकडून हे जबरदस्तीनं म्हणून घ्यायलात म्हणं.’’ तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी सहावीतली आणि लॅटिन नववीला, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? एका वाक्यात सुटला असतात. ते वाक्य तुम्ही बोलला नाहीत. म्हणालात, ‘‘हे आमच्या शाळेत शिकवतात, खरं आहे. येशूबद्दलही आम्ही सांगतो, तेही लपवत नाही. पण हा मंत्र नाही, क्रियापद आहे. कागद देता का एक?’’ आणि अण्णांच्याच पेन्सिलीनं एका बाजूला आमो, आमास, आमात लिहिलंत, दुसऱ्या बाजूला मी करायलोय, तू करायलास, तो करायलाय. अण्णांनी चष्मा चढवला. सरकारी पत्रांत आयुष्यभर ‘करीत आहे’ लिहिणारा तो माणूस. पुण्याचे साहेब आले की त्यांच्यापुढं आपलं बोलणं चुकंल म्हणून मान खाली घालून गप्प बसायचा. तो कागद ते किती वेळ बघत राहिले! मग हळूच म्हणाले, ‘‘आमच्या बोलण्याला बी असं कोष्टक असतंय व्हय?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘सगळ्यांच्या बोलण्याला असतं. लेकरांनी ते शोधावं एवढंच मला वाटतं.’’ माझी शाळा वाचली ती तिथं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही मला एकटीला बोलावलंत. आवाज चढवला नाहीत, त्यामुळं जास्तच लागलं. ‘‘तू खोटं बोललीस. मी ते तुझ्या वडिलांपुढं खोडलं नाही, कारण ते खोडायचं काम तुझं आहे. केव्हा करायचं ते तू ठरव, पण करायचं.’’ मी रडत होते. तुम्ही थांबलात, पिशवीतून एक कोरी वही काढून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, ‘‘आणि आजपासून दाराआड उभं राहायचं नाही. आत येऊन बसायचं.’’ एवढ्या मोठ्या मुलामुलींत मी मागच्या बाकावर बसले, आणि तिथून आजवर तशी उठलेच नाही. जिंतूरच्या कॉलेजात मी व्याकरण शिकवते. पहिल्या तासाला फळ्यावर ‘करायलोय’ लिहिते, तेव्हा आधी हसणारी पोरं पुढं वाकून बघायला लागतात. हे सगळं तुमचंच.

आणि ते खोटं? ते घरात मोठं झालं, बाई. मी नोकरीला लागल्यावर अण्णा येईल त्याला सांगायला लागले, ‘‘त्या बाईनं जबरदस्ती केली म्हणून माझी पोरगी शिकली. लेकरांना थोडा धाक लागतोच.’’ मी शेजारी बसून ऐकायचे. कौतुक चाललेलं असायचं, मध्ये कशाला तोंड घाला! पण आता भावाची मुलगी आमच्याकडं शिकायला आहे. अकरा वर्षांची. अण्णा चौऱ्याऐंशीचे, रोज दुपारी तिला समोर बसवून पाढे म्हणून घेतात, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. काल ती मुसमुसत होती आणि अण्णा तिला म्हणाले, ‘‘तुझ्या आत्याला बी त्या बाईनं असंच शिकवलंय.’’ माझ्या हातातलं भाजीचं ताट तसंच राहिलं. तुम्ही! अशी! आयुष्यभर ज्याच्या उलट वागलात तेच तुमच्या नावावर खपत होतं, आणि किंमत ते लेकरू मोजत होतं.

मी तिला अंगणात पाठवलं आणि अण्णांच्या चांगल्या कानाशी बसून सांगितलं. बाईंनी कधीच सक्ती केली नाही. ते माझ्या वर्गाला नव्हतंच. मला आवडलं म्हणून मी दाराआडून ऐकलं, आणि मीच वाया गेलेली ठरेन म्हणून खोटं बोलले. दोन मिनिटांचं काम होतं. अण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, चिडतील, नाहीतर ऐकूच आलं नसेल. मग म्हणाले, ‘‘म्हंजी ती बाई माझ्या दारात नाहक बोलणं ऐकून घेऊन गेली.’’ आणि थोड्या वेळानं, ‘‘मी तिला त्या दिवशी पाणी बी विचारलं न्हाई गं. चर्चची म्हणून.’’ त्यांचे डोळे भरून आले. आज दुपारी त्यांनी पाढ्यांचं पुस्तक काढलं नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? कॉलेजच्या पिशवीतच राहील. पण अण्णांपुढं जे बोलायला धीर झाला नाही, ते तुमच्यापुढं लिहिते. त्या संध्याकाळी पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी होता. तुम्ही उन्हातून चालत आला होतात, ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते. अण्णांनी सांगितलं नाही म्हणून मी थांबले असं नाही. पाणी दिलं तर तुम्ही आणखी थोडा वेळ बसाल आणि माझं खोटं बाहेर येईल, म्हणून मी उठले नाही.