टकर्स कोव्हला तिसऱ्या मिळत नाहीत

टकर्स कोव्ह, मेन
६ मार्च १९९६

चि. लोर्नास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून फुगू नकोस. ओहोट्या चांगल्या लागल्यात, आणि चिखल उघडा पडला असताना मी राष्ट्राध्यक्षालाही पत्र लिहिणार नाही.

सरकारचं नवं खूळ ऐक. पोस्टातल्या पर्लनं भिंतीवर नोटीस डकवली आणि मला वाचून दाखवली. तसली बारीक अक्षरं वाचायची तर मी शाळेत टिकायला हवं होतं. वॉशिंग्टनचं एक खातं किनाऱ्यावरच्या लोकांना विचारणार आहे, कुठला धक्का कोण वापरतं, तिथून काय माल निघतो. उत्तराची सक्ती नाही, ज्याची त्याची मर्जी. पण त्याच्याही आधी, असे प्रश्न विचारले तर चालेल का, हे ते आम्हाला विचारतायत! म्हणजे मागणी घालायला येऊ का, असं विचारायला आलेला नवरदेव. मी पर्लला सांगितलं की असला भेटला असता तर मी अजून बिनलग्नाचीच असते. उत्तरं द्यायला पाव तास पुरेल ना, असंही विचारलंय. पाव तासात गावातल्या आपल्या एलवूडचं खाकरूनसुद्धा होत नाही.

हसू जाऊ दे. लोकांच्या उत्तरांवरून जे धक्के कामाचे ठरतील तेवढेच दुरुस्त होणार. आपला धक्का हिवाळ्यातल्या वादळानं अर्धा खचलाय. दोन्ही अंगांना बॉस्टनवाल्यांनी बंगले बांधून साखळ्या ठोकल्यात. धक्का गेला तर मी चिखलात तिसऱ्यांचे शिंपले खणायला उतरू कुठून? दुसरं मला येतं काय? म्हणून घरोघर जाऊन दटावलं की खात्याला लिहा. आणि नवल बघ, झाडून सगळ्यांनी लिहिलं!

मायेत पाणी घालू नकोस, एवढंच मागणं.
तुझी एव्हिस


डेटन, ओहायो
१७ मार्च १९९६

ती. एव्हिसताईस सा. न. वि. वि.

तुझा नवरदेव मी ऑफिसात सांगितला, सगळ्या जणी खिदळल्या. पण ताई, मला एक खटकतंय. आपल्या गावात कुणी वेळ विचारली तर लोक आधी घड्याळ लपवतात. त्याच लोकांनी सरकारला पटापट पत्रं लिहिली? काय लिहिलं ते जरा काढून घे. आणि तू काय लिहवलंस तेही कळव.

गुडघा शेकत जा. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तरी तक्रार नाही.
तुझी लोर्ना


टकर्स कोव्ह
२२ एप्रिल १९९६

चि. लोर्नास अ. आ. वि. वि.

तुझी जीभ काळी आहे. खात्याचं पत्र आलं. आधी आभार मानलेत, मग लिहिलंय की गावातल्या प्रत्येकानं कळवल्याप्रमाणे टकर्स कोव्हला तिसऱ्या मिळतच नाहीत, तेव्हा इथल्या धक्क्याबद्दल विचारायचं कारण उरत नाही.

प्रत्येकानं, लोर्ना! परक्यानं विचारलं की नाहीत म्हणायचं, हे आपल्याकडे दुधाबरोबर पाजतात. एलवूडनं तर लिहिलं की होत्या त्या सगळ्या कॅनडाला गेल्या. मीही धक्का दुरुस्त करा म्हणून लिहवलं, आणि वर तिसऱ्या मात्र नाहीत हो, हे आपसूक तोंडातून गेलं.

सूचना घ्यायची मुदत अजून संपली नव्हती. शनिवारी चर्चमध्ये बीन्सचं जेवण होतं. मी वाढायचा डाव घेऊन उभी राहिले आणि बजावलं की खरं लिहा, नाहीतर धक्का विसरा. सगळ्यांनी माना अशा ताटात घातल्या, जणू मी कपडेच उतरवायला सांगितले. एलवूड म्हणाला की आपली खणायची जागा सांगण्यापेक्षा तो बायकोचं खरं वय पेपरात छापून आणेल. बायकोनं त्याला असं कोपर मारलं की बीन्स मांडीवर.

माझं डोकं फिरलं. मी भर पंगतीत सांगून टाकलं की एलवूड काळ्या खडकामागे खणतो आणि गाडी भरून नेतो. तो लालबुंद झाला आणि विचारू लागला की मग शेजारचा हॉलिस काय जुन्या बांधापाशी प्रार्थनेला जातो? हॉलिसनं पुढच्याचं नाव घेतलं, आणि मग जो गलका उठला! स्वतःची जागा कुणी सांगेना, पण शेजाऱ्याची सांगायला प्रत्येकाचं पोट फुगलेलं. पर्लनं तिथंच कागद वाटले. बायकांनी नवऱ्यांबद्दल लिहिलं, सासऱ्यांनी जावयांबद्दल. बीन्स गार झाले तरी कुणी मान वर करेना.

तूही लिही. इथल्याच चिखलात वाढलीस.

जीव टांगणीला आहे, तेवढा तुझा जीव माझ्यावर असू दे.
एव्हिस


डेटन
२९ एप्रिल १९९६

ती. ताईस सा. न. वि. वि.

लिहिलं आणि टाकलंही. पण ताई, दुसऱ्या कुणाची जागा मला कुठे ठाऊक? म्हणून तुझीच लिहिली. फुटक्या गलबताच्या वळणाची, खुणेच्या झाडासकट. तू रागावशील, पण धक्का वाचला तर सगळं भरून निघेल.

शिव्या दिल्यास तरी चालेल, पत्र बंद करू नकोस.
लोर्ना


टकर्स कोव्ह
११ मे १९९७

कैदाशिणी, आशीर्वाद घे. वि. वि.

वर्षभर मुद्दाम लिहिलं नाही. खात्याकडे गेलेल्या लोकांच्या सूचना कुणालाही वाचता येतात म्हणे. पर्लनं सगळा गठ्ठा मागवून पोस्टात टांगला. पुढच्याच ओहोटीला बघते तर अख्खं गाव माझ्या वळणावर! एलवूड तर मला लवून नमस्कार करून खणायला बसला.

मी तुझ्या सात पिढ्या उद्धरल्या, म्हणजे माझ्याच. मग डोक्यात आलं की सगळे इथं, तर काळ्या खडकामागे कोण? अगं, काय तिसऱ्या आहेत तिकडे! तेव्हापासून आपल्या जागेवर कुणी जातच नाही. जो तो दुसऱ्याच्या जागेवर, आणि जो तो म्हणतो की आपलीच बरी होती.

आज राग सोडला, कारण खात्यानं शेवटी आमच्याबद्दल विचारलं, आम्ही खरं सांगितलं आणि धक्का कामाचा ठरला. नवे खांब बसले. सकाळी मी सगळ्यांच्या आधी त्यावरून उतरले, टोपली दोन्ही हातांत, गुडघा कुरकुरला नाही. एलवूड मागून ओरडत होता की म्हातारे, कुठे चाललीस ते तरी सांग. मी मागे वळलेसुद्धा नाही.

उन्हाळ्यात ये. बूट तुझे तू आण. लोभ आहे, आता तो वसूल करायला ये.
तुझी एव्हिस