दिलेला होकार

बाबा, रविवारी माझ्या घरी एक पाहुणी आली आणि मी तिला होकार देऊन बसले. आज बुधवार. शुक्रवारच्या आत तो परत घ्यायचा आहे. त्यासाठी इंग्रजीत चार ओळी लिहायच्या आहेत, त्या दोन दिवस जमलेल्या नाहीत, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही असतात तरी हे कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंत आणि मधेच म्हणाला असतात, ऱ्हावदे, पुढचं उद्या.

तुमची नात आता अठरा वर्षांची आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती सात वर्षांची होती आणि तुमच्या खाटेला टेकून उभी राहायची. आता ती सहा फूट एक इंच आहे. वरच्या फळीवरचे डबे टाचा न उचलता काढते. शाळेच्या मैदानावर कुणीतरी बास्केटबॉलचे दोन खांब उभे करून दिले होते, तिथे तिचं सुरू झालं. चौदाव्या वर्षी बाहेरगावच्या अकादमीत गेली, देशाच्या ज्युनिअर संघातून दोनदा परदेशात खेळली. तिथे अमेरिकेतल्या कॉलेजांची माणसं वहीत नावं लिहून घेत बसलेली असतात. त्यांना मुलगी आवडली की ते फोन करतात, पत्रं पाठवतात, घरी येतात. चार वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं त्यांचं. आणि कुठे जायचं ते मुलीनं ठरवायचं. हे मला समजायला वेळ लागला. मी शिक्षिका आहे, बारावीच्या मुलांना मराठी शिकवते, तरीही वेळ लागला.

बरीच कॉलेजं होती, शेवटी दोन उरली. एक मोठं, ज्याच्या सामन्यांना माणसं तिकीट काढून येतात. एक लहान, बर्फाच्या गावातलं. गेला महिनाभर पोरगी दोन्हींचे सामने मोबाइलवर बघते आहे, आवाज बंद करून. मी विचारलं, आवाज का बंद? म्हणाली, आवाज असला की बॉलकडे लक्ष जातं, मला बाक बघायचाय. खेळाडू बाहेर आली की कोच तिच्याशी बोलते का, पाण्याची बाटली कोण देतं, शेवटच्या खुर्चीवरची मुलगी सामना बघते की छताकडे बघते. तिच्या कपाटाच्या दाराला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर प्रश्न आहेत. गुडघा गेला तर जागा राहील का. माझ्या जागेवर आधीच किती जणी आहेत. कोच किती दिवस टिकणार. भात मिळतो का. शेवटच्या प्रश्नाखाली तिनं दोन रेघा मारल्या आहेत.

रविवारी मोठ्या कॉलेजची सहायक कोच आली. अकादमीतले सर तिला मुंबईहून गाडीने, समुद्रावरच्या नव्या पुलावरून घेऊन आले. बाई स्वतः एके काळची खेळाडू, दारातून येताना वाकली. आत्या, तुमची धाकटी बहीण, आदल्या दिवसापासून येऊन बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "चला, पोरीला तिकडं दारं तरी पुरतील." पाहुणीने सरांना विचारलं, काय म्हणाल्या? सर म्हणाले, "शी लाइक्स यू."

आम्ही पोहे केले होते. वर ओलं खोबरं, बाजूला नारळाची वडी. कपाटातल्या कपबश्या काढल्या. पोरीला मी पंजाबी ड्रेस घालायला लावला. "आई, तिनं मला शॉर्ट्समध्ये शंभर वेळा बघितलंय," ती म्हणाली, पण तिनं घातला. तुमचे जावई खुर्चीच्या कडेवर बसले, हात गुडघ्यांवर. चाळीस फुटी कंटेनर घेऊन उलटी गाडी लावणारा माणूस, त्यांना त्या दिवशी बशी सांभाळता येत नव्हती. पाहुणीने पोरीच्या बुटाचं माप विचारलं, तिचा तळहात उघडून आपल्या हाताला लावून पाहिला. आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता चालून दाखव म्हनंल." मग पाहुणीने टॅबवर एक फोटो दाखवला. कपडे बदलायच्या खोलीत ओळीने टांगलेले शर्ट, त्यातल्या एकावर आमचं आडनाव. सगळे वाकून बघत राहिले.

पोरगी चहा आणायला आत गेली. तेवढ्यात पाहुणी माझ्याकडे वळली आणि तिनं काही विचारलं. सरांनी ते मराठीत सांगितलं, पण मला आधीच कळलं होतं. कुटुंबाची तयारी आहे असं आमच्या मुख्य कोचना कळवू का? जावई फरशीकडे बघत होते. पाहुणीच्या मांडीवर पोह्यांची बशी होती आणि ती हसून वाट बघत होती. एवढ्या लांबून आलेली बाई. आत्यानं मला कोपरानं ढोसलं. "अगो, पाव्हनी इचारते हाय, कायतरी बोल." मी म्हणाले, "येस. येस, मॅडम." त्यांच्याकडे हा शब्द धरतात, बाबा. कागदावर सही नंतर होते, पण शब्द धरतात. पोरगी ट्रे घेऊन आतल्या दारात आली होती. मी त्या बाजूला बघितलं नाही.

सोमवारी सकाळी मेल आला. अभिनंदन, तुमच्या घरच्यांनी होकार दिला, आम्हाला फार आनंद झाला. पोरीनं तो उभ्यानं वाचला. "आई, तू हो म्हणालीस?" मी म्हणाले, ती घरी आली होती गं, तोंडावर कसं नाही म्हणायचं. ती म्हणाली, "नाही नव्हतं म्हणायचं. मुलगी सांगेल, एवढं म्हणायचं होतं." मग बसली आणि म्हणाली, लहान कॉलेजची कोच पहिल्याच फोनवर बोलली होती की तुझा डावा हात कच्चा आहे आणि पहिलं वर्ष तू बसशील. तिनं माझे चार सामने पाहिले होते, कोणता कधीचा ते सांगत होती. "ही बाई घरी येऊन तासभर बसली, माझ्या खेळाबद्दल एक वाक्य नाही. पोह्यांबद्दल तीन." मी घाबरून विचारलं, पण ती लहानवाली कोच उद्या सोडून गेली तर? त्या बर्फात तू एकटी? ती म्हणाली, जाऊ शकते. सगळ्याच जातात. मोठ्या कॉलेजात निदान आपली दोन मराठी घरं जवळ आहेत, मी म्हणाले. ती बुटांच्या नाड्या बांधायला लागली. म्हणाली, "राहू दे आई. दिलायस ना शब्द. मोठंच तर आहे. जाते." आणि बॉल घेऊन मैदानावर गेली.

ती भांडली असती तर मी आज तुम्हाला लिहीत बसले नसते. मला त्या राहू देची भीती वाटते. ते मला ओळखीचं आहे.

सरांचा फोन आला, "काकी, टेन्शन नका घेऊ, मोठं नाव आहे, लाइफ सेट." लहान कॉलेजकडे एकच जागा आहे आणि यादीत आणखी दोन मुली. कोच शुक्रवारपर्यंत थांबते म्हणाली आहे. त्यांच्या जगात बातमी पसरायला एक फोन पुरतो, आणि बातमी पोचली की ती जागा दुसरीला देईल. तिची चूक असणार नाही. मी दर तासाला पोरीचा चेहरा बघते. काल मी आत्याला म्हणाले, मी 'नाही' म्हणून कळवते. आत्या भाजी निवडत होती. "शब्द देऊन फिरवनार? तुझ्या बापानं जल्मात फिरवला न्हाय."

नाही फिरवलात. मला आपली ओटी दिसते. तुम्ही मिठागरातून आला आहात, पाय गोड्या पाण्यात धुतले आहेत तरी टाचांच्या भेगांत पांढरं राहिलं आहे, आणि अंगात धुतलेला सदरा आहे. मी सतरा पूर्ण केली आहेत. मुंबईच्या एका कॉलेजनं आमच्या खेळाच्या सरांकडे चिठ्ठी दिली आहे, मुलगी डाव्या कोपऱ्यात चांगली पकड करते, कबड्डीच्या संघात घेतो, वसतिगृहात जागा देतो. ती चिठ्ठी आठ दिवस देवाच्या फळीवर कुंकवाच्या करंड्याखाली आहे. तुम्ही ती दोनदा उचलून पुन्हा तिथेच ठेवली आहे. आणि शेजारच्या गावचे पाहुणे ओटीवर बसले आहेत. त्यांच्यातला म्हातारा विचारतो, मग आमचं नक्की समजायचं ना? तुम्ही म्हणता, व्हय, नक्की. मला कुणी विचारलं नाही. हे वाक्य मी सत्तावीस वर्षं म्हणत आले आहे. जावयांना म्हटलं, ते बिचारे दर वेळी खाली बघतात. माणूस चांगला मिळाला, बीएची आणि एमएची पुस्तकं त्यांनीच आणून दिली. मैत्रिणींना म्हटलं. वर्गातल्या मुलींना म्हटलं, अभिमानानं म्हटल्यासारखं. तुमच्या शेवटच्या आजारात नातीनं खाटेपाशी उभं राहून मला विचारलं होतं, आई, तू कबड्डी का सोडलीस? मी तुमच्यासमोर म्हणाले, मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही जागे होता. तुम्ही छताकडे बघत होता. मग म्हणालात, "पानी दे गो."

ते इंग्रजी पत्र आज पुन्हा सुरू करते.

गुरुवार. रात्री काही लिहिलं नाही. सकाळी पोरगी मैदानावरून आली, मी दोन कप चहा ठेवला आणि दार लावून घेतलं, कारण बाहेर आत्या होती. मी विचारलं, तुला कुठे जायचंय? ती कपाकडे बघत म्हणाली, "तू सांग ना." मला सांगता आलं असतं. माझ्या मनात मोठंच होतं, आजही आहे. तिथे दवाखाना चांगला आहे, आपली माणसं आहेत, ती बाई माझ्या घरी खाऊन गेली आहे. मी ओठ आवळून बसले. ती कपाचा कान बोटानं फिरवत होती. रस्त्यावरून दोन ट्रेलर गेले, भांडी थरथरली. चहावर साय धरली. मला वाटलं आता मीच काहीतरी बोलणार, आणि बोलले की संपलं.

"लहान," ती म्हणाली.

नक्की?

"नक्की कुठलं, आई? पण लहान."

मग आम्ही दोघी त्या पत्राला बसलो. मी लिहिलेलं तिनं वाचलं आणि म्हणाली, "'डीप रिग्रेट' काढ. कुणी मेलं नाहीये." मी लिहिलं की त्या दिवशीचा होकार माझा होता, मुलीचा नव्हता, चूक माझी. हे वाक्य ती काढायला निघाली होती, मी काढू दिलं नाही. पत्र मेलनं गेलं. लगेच तिनं लहान कॉलेजच्या कोचला लिहिलं, मी येते. तेही गेलं. तिकडे तेव्हा रात्र होती. उत्तर संध्याकाळशिवाय येणार नाही, आणि येईल ते जागा भरली म्हणून येईल की ये म्हणून, मला माहीत नाही. ती मोबाइल पालथा घालून बसली आहे. दर दहा मिनिटांनी उलटा करते. दार उघडलं तेव्हा आत्या तिथेच होती. ती माझ्याशी बोलत नाही, पण पोरीच्या ताटात तिनं भात जास्त वाढला.

कप विसळत होते तेव्हा पोरगी मागे येऊन उभी राहिली. माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवते ती, उंचीमुळे. म्हणाली, "तू निदान मला विचारलंस. आजोबांनी तुला विचारलं पण नव्हतं."

मी नळ चालू ठेवला.

हे कागद मी बारावीच्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली ठेवणार आहे. तुमच्यापर्यंत पोचायचे नाहीत, आणि तिला द्यायचा धीर अजून नाही. बाबा, त्या म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा, व्हय म्हणायच्या आधी, तुम्ही मान वळवली होती. ओटीवरून आतल्या दाराकडे बघितलं होतंत. मी ट्रे घेऊन तिथे उभी होते, आणि तुम्ही बघत राहिला होता. मी कपांकडे बघितलं.