शिरूरच्या मुक्कामासाठी अंथरूण

राहू, ता. दौंड
१६ मे २०२४

चि. अपेक्षा,

आप्पाचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. दोन म्हशी दुधावर आहेत, विहिरीला अजून पाणी आहे, माझा मणका मात्र रोज सकाळी उठताना भांडतो. फोनवर तू मला बंद केलंस म्हणून हे पत्र. त्याबद्दल तक्रार नाही.

एक सल्ला हवा होता. डोंगरावर मुक्कामाला नेतात ते अंथरूण कोणतं घ्यावं? एसटीत एकट्याला चढवता येईल इतकं हलकं हवं, आणि मणक्याला टोचता कामा नये. आपल्या घरात यातलं तुलाच कळतं. कॉलेजात असताना तू स्लीपिंग बॅग मागितली होतीस, तेव्हा घरात सागवानी पलंग असताना खडकावर झोपायची हौस कशाला, म्हणून मी तुला उडवून लावलं. मग आईनं जुन्या लुगड्यांची पातळ गोधडी शिवून दिली. तिची वळकटी पाठीला बांधून तू हरिश्चंद्रगडावर गेलीस आणि तिथंच तुला महेंद्र भेटला.

परवा वाघोलीकडच्या एका मोठ्या दुकानात जाऊन आलो. समृद्धी नावाची पोरगी सामान दाखवत होती. कुठल्या किल्ल्यावर निघालात, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, शिरूरला. शिरूरला कुठं किल्ला आहे, म्हणाली. म्हटलं, "हाय एक. दार लावून घेतलंय." ती हसली.

हवा भरायची गादी अर्धा किलोसुद्धा नसेल, पण कूस बदलली की चिवड्याच्या पिशवीसारखी कुरकुरते. घडीची फोमची चटई बरी वाटली, फक्त कमरेला फरशी लागते. एक नळ्यांची खुर्ची होती, घडी केली की काखेत मावते. पण इतकी बुटकी, की बसलो तो बसलोच. दोघांनी धरून उठवलं. तुझी आई असती तर म्हणाली असती, दूध सोसायटीच्या खुर्चीतूनही ह्यांना असंच उठवावं लागलं.

मग त्या पोरीनं मला स्लीपिंग बॅगेत शिरायला लावलं आणि गळ्यापर्यंत चेन ओढली. हात आत, पाय आत, हलता येईना. मला तिरडीवर बांधलेली तुझी आई दिसली. मी ओरडलो. ती बिचारी घाबरून चेन उघडायला लागली, आणि मी भर दुकानात लहान पोरासारखा रडलो.

तुझ्या लग्नानंतर मी भावकीसमोर विहिरीवर तुझ्या नावानं आंघोळ केली होती. मुलगी मेली, असं जाहीर केलं. आई गेली त्या सकाळी तुझ्या थोरल्या चुलतीनं, कस्तुराबाईनं, फोन माझ्या हातात दिला. "भावजी, पोरीला कळवा. आपण थांबू तिच्यासाठी." मी म्हणालो, "मेलेल्याला निरोप धाडत न्हाईत." हे मीच बोललो, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. दुपारी बाराच्या आत सगळं उरकलं. तू आईचा फोटो कुणाच्या तरी स्टेटसवर पाहिलास. तिनं शेवटच्या आठवड्यात दोनदा तुझं नाव घेतलं होतं, तेही मी तुला कळवलं नाही.

आता पुढचं. ते टाळण्यासाठीच मी चटयांबद्दल एवढं लिहीत बसलो.

मार्चात तुझ्या दारी आलो तो माफी मागायलाच. न्हावऱ्याला एसटी बदलताना उन्हानं घसा वाळला होता. महेंद्रची आई अंजनाबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "आप्पा, लांबनं आलाय, पाणी घ्या." गल्लीतली चार माणसं बघत होती. आणि मी म्हणालो, "नको, तहान न्हाई."

तहान होती, अपेक्षा. त्यांच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. विचार करायच्या आत जीभ बोलून गेली. अंजनाबाई तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या. तू आतून पाहिलंस आणि दार लावलंस. बरोबर केलंस. पण त्या दिवसापासून मला जेवण जात नाही, झोप लागत नाही. घरात बोलायला कुणी नाही. मला तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि ते मीच केलं.

तुझं उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून घडीची चटई घेऊनच आलो. म्हशी शेजारच्या सावळारामकडे सोपवल्या. कुठं निघालोय ते भावकीलाही सांगितलं. त्यांना आता जी आंघोळ करायची असेल ती करू देत.

येत्या गुरुवारी, बुद्धपौर्णिमेला, येतो. गल्ली भरलेली असेल. चार माणसांत नाकारलं, ते चार माणसांत मागायला हवं. तुझं दार वाजवणार नाही. गल्लीच्या तोंडाशी लिंब आहे, त्याखाली चटई टाकून बसेन. किती दिवस, ते माहीत नाही. हा हट्ट आहे, हे मला कळतं. पण मला दुसरं काही येत नाही.

पाण्याची बाटली बरोबर घेणार नाही. अंजनाबाईंना एवढंच सांग, म्हाताऱ्याला तेव्हाही तहान होती.

तुझ्या नावानं आंघोळ केलेला,
तुझाच,
आप्पा