बंद पडली तर कोण येणार

७ जानेवारी ७८, शनिवार. दौंड.
शिरूरहून येताना गाडी आज पुन्हा बंद. निमोण्याच्या पुढं, सोसायटीच्या चेअरमन आबांच्या गावाच्या अलीकडं. कॉइल तापली असावी. बॉनेट उघडून ओलं फडकं टाकलं आणि कडेच्या दगडावर बसून राहिले. येणारे-जाणारे थांबायचे, वाकून आत कुणी पुरुष आहे का बघायचे, आणि पुढं जायचे. एकानं विचारलंसुद्धा, "डायवर कुठं गेला?" मीच म्हटल्यावर हसला. थट्टेनं नव्हे. खरंच वाटलं नाही त्याला.
शेवटी कांद्याचा ट्रक थांबला. दोर लावून दौंडच्या वेशीपर्यंत ओढत आणलं.
यशवंतांच्या रेल्वे क्वार्टरला कुलूप. शेजारच्या काकूंनी किल्ली दिली. "साहेब लई वाट बघून गेले. गुड्स गाडीची ड्यूटी लागली त्यांना." म्हणजे आजचा शनिवारही गेला. पिठलं केलं. एकटीनं खाल्लं.

८ जानेवारी, रविवार.
यशवंत दुपारी ड्यूटीवरून आले. डोळे लाल. आंघोळ, जेवण, मग बोलले.
"आठवड्यातला एक दिवस मिळतो आपल्याला. तोही तू रस्त्यावर घालवतेस."
"हौसेनं घालवते का?"
"मग गाडी विक. नाहीतर बंद पडली तर कोण येणार, याची काहीतरी सोय कर."
तिसरा मार्ग त्यांनी बोलून दाखवला नाही. संध्याकाळी फिरायला म्हणून मला स्टेशनजवळच्या एका रिकाम्या गाळ्यावरून नेलं. "दवाखान्याला बरा आहे नाही?" एवढंच. मी म्हटलं, ऊन फार येईल.
शिरूरचा दवाखाना मी उभा केलाय. पहिलं वर्षभर आमच्या वस्तीतल्या बायकांशिवाय कुणी पायरी चढलं नव्हतं. आता सगळ्या येतात. तो सोडून इथं गार्डसाहेबांची बायको म्हणून पाटी लावायची...

१२ जानेवारी, गुरुवार. शिरूर.
सकाळी डिलिव्हरी एक, मुलगी, दोघी ठीक.
दुपारी गाडी बशीरमामांकडं. एस.टी. डेपोच्या अंगाला त्यांचं गॅरेज. कॉइल बदलली. मी विचारलं, मामा, वर्षाची काही बोली करू या का, रस्त्यात अडले की तुम्ही यायचं?
"बोली कसली डॉक्टरीनबाई? निरोप द्या, मी फटफटीवर येतो. शुक्रवारी नमाजाच्या वखताला तेवढं न्हाई."
"निरोप कुणाबरोबर देऊ?"
"यष्टीच्या कंडक्टरला सांगायचं. डेपोतच तर हाय मी."
म्हणजे एस.टी. येईपर्यंत थांबायचं, ती शिरूरला पोचेपर्यंत थांबायचं, मग मामा येईपर्यंत. आणि मामांच्या फटफटीनं गाडी ओढली जाणार नाही. हे त्यांनीच सांगितलं.

१९ जानेवारी, गुरुवार.
पुण्याच्या मोटार असोसिएशनचे गृहस्थ आले. टाय, चामड्याची बॅग. वर्गणी भरून सभासद झालं की गाडी कुठंही अडली तरी त्यांची ओढणारी गाडी येते म्हणाले. बाहेर अँबॅसिडर बघून खूश. "डॉक्टरसाहेब कधी भेटतील?"
"मीच डॉक्टर."
"नाही, म्हणजे गाडी ज्यांच्या नावावर..."
"तीही माझ्याच."
मग नकाशा काढला. पुण्याभोवती लाल पेन्सिलीनं वर्तुळ. शिरूर काठावर. नगर रोडवर कुठंही अडलात तर येऊ, म्हणाले. दौंडच्या आतल्या रस्त्याला? तिकडं यायचा नियम नाही. "पण मॅडम, तिकडून जाताच कशाला? पुण्यावरून जा, रस्ता उत्तम."
नवऱ्याला भेटायला पुण्याला वळसा घालून जायचं. हे यशवंतना सांगितलं पाहिजे.
आणखी एक विचारलं. अडल्यावर तुम्हाला फोन कुठून करू? "जवळच्या फोनवरून." त्या सगळ्या पट्ट्यात एकच फोन, आबांच्या गावच्या सोसायटीत.
कागद ठेवून गेले. विचार करून कळवते म्हटलं.

२७ जानेवारी, शुक्रवार.
आज आबाच आले. सोसायटीचे चेअरमन, गावचा शब्द त्यांचा. सुनेला घेऊन आले होते, सातवा महिना, पहिलटकरीण. पोर घाबरट आहे, प्रकृतीनं चांगली. मूल आडवं वाटतंय. अजून फिरेल. दर पंधरवड्याला आणा म्हटलं.
जाताना आबा दारात थांबले. "बाई, परवा आमच्या शिवेवर तुमची गाडी हुबी होती म्हनं. आमाला का न्हाई कळवलं? सोसायटीचा ट्रॅक्टर हाय. कवाबी बंद पडू द्या, निस्ता निरोप धाडा. फोन बी हाय."
"किती द्यायचं त्याचं?"
"काय बोलता! तुमी आमच्या लेकीसुनांचं करता."
गोड बोलणं. खोटंही वाटलं नाही.

२९ जानेवारी, रविवार. दौंड.
गाडी काल न कुरकुरता आली. यशवंतना तिन्ही सोयी सांगितल्या. पुण्याच्या वळशाला मनापासून हसले. फार दिवसांनी असे हसलेले पाहिले.
आबांचं सांगितल्यावर म्हणाले, "फुकट?"
"फुकट."
"मग नको."
खरं तर मला तीच सोय सगळ्यांत शहाणपणाची वाटते. रस्ता आबांच्या शिवेतून जातो. माझी गाडी तिथंच रुसते. जवळचा माणूस येणार की लांबचा? आपल्या लोकांना कुणी चांगलं वागवलं तरी आधी संशय येतो, असं मी म्हटलं. यशवंत म्हणाले, "येऊ दे की संशय. त्यानं कुणाचं काय बिघडतं?"
सकाळी दोघं विहारात वंदनेला गेलो. थंडी छान होती.

१३ फेब्रुवारी, सोमवार. शिरूर.
सखूबाईला बैलगाडीतून आणलं. आबांच्या गावची, तिथल्या आमच्या लोकांच्या वस्तीतली. मोलमजुरी करते. डोक्याला खोल जखम, डावा हात सुजलेला, हाड शाबूत. टाके घातले. भूल नीट चढेना तरी बाई हूं का चूं करेना.
नवरा दाराशी उकिडवा बसलेला. त्यानं सांगितलं ते असं. आबांच्या पुतण्याच्या रानात खुरपायला गेली होती. दुपारी विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाला तोंड लावून पाणी प्याली. पुतण्यानं दांडकं घातलं.
"फिर्याद दिली?"
"दिली. फौजदार म्हनला, डाक्टरचा कागद आना."

१४ फेब्रुवारी, मंगळवार.
आबा आले. सून बरोबर नाही. चहा घेतला. मग, "बाई, पोरगं तापट हाय, मी त्याला बोललो. त्या बाईचा दवापानी समदा मी करतो. कागदावर तेवढं पडून लागलं म्हना. बांधावरनं पडली."
मी म्हटलं, पडून असं लागत नाही.
"कागदाला काय ठावं कसं लागतं ते?"
आवाज चढवला नाही. धमकी नाही. ट्रॅक्टरचं नाव काढलं नाही. ते मलाच आठवलं. तेव्हाच वाईट वाटलं, त्यांच्याबद्दल नाही, ते आठवल्याबद्दल.

१५ फेब्रुवारी, बुधवार.
कागद दिला. काठीसारख्या कठीण, बोथट वस्तूचा मार. जे पाहिलं ते. बाहेर ओ.पी.डी. तुंबली होती.

१८ फेब्रुवारी, शनिवार. दौंड.
क्लच प्लेट गेली. बरोबर तिथंच. ह्या वेळी वासावरूनच कळलं. फडकं-बिडकं काही उपयोगाचं नाही.
पहिली एस.टी. न थांबता गेली. दुसरी यायची होती. तेवढ्यात ट्रॅक्टर आला. मी निरोप धाडला नव्हता. मडगार्डवर आबा स्वतः.
म्हटलं, "आबा, राहू द्या. बशीरमामांना कळवते."
"कवा येनार त्यो? बाईमानूस आमच्या शिवेवर ताटकळत ऱ्हायली तर गावाचं नाव जातं. कागदाचं कागदाच्या जागी. ते कोर्टात बघू."
ड्रायव्हरनं बोलता बोलता साखळी अडकवलीसुद्धा. मी नको म्हणाले का? एकदा म्हणाले. दुसऱ्यांदा नाही. ऊन होतं. शनिवार होता.
गावातून गेलो. रस्ता वस्तीच्या कडेनंच जातो, दुसरा नाहीच. सखूबाई दाराशी बसली होती, डोक्याला माझीच पट्टी. पुढं आबांचा ट्रॅक्टर, मागं साखळीला मी, हातात स्टिअरिंग. तिनं पाहिलं. मी हात हलवायला गेले आणि मधेच खाली घेतला.
दौंडपर्यंत आणून सोडलं. आबांनी चहासुद्धा घेतला नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार.
यशवंतना सगळं सांगितलं. जेवता जेवता थांबले.
"उतरायचं होतंस."
"आणि काय करायचं होतं? तिथंच उभं राहायचं?"
"हो."
"किती वेळ?"
"मी आलो असतो."
"कशानं आला असता?"
यशवंत ताट तसंच ठेवून उठले. मग मीही जेवले नाही. गाडी इथल्या गॅरेजात. ते म्हणतात, पार्ट पुण्याहून येणार.

२१ फेब्रुवारी, मंगळवार. शिरूर.
सखूबाईचे टाके आज काढायचे होते. आली नाही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार.
आजही नाही. एस.टी.नं गेले. फाट्यावर उतरून चालत. वस्तीत शिरले तर बायका बोलायच्या थांबल्या. इथं मला कधी असं झालं नव्हतं. लेक आली, लेक आली म्हणायच्या.
सखूबाईनं टाके काढू दिले. अंगणातच, पाटावर बसून. काढून झाल्यावर म्हणाली, "तुमची गाडी बघितली त्यांच्या साखळीला. म्हनलं, गेला आता कागद बी तिकडंच."
"कागद फौजदारांकडं आहे. जसा दिला तसाच."
"व्हय?"
"हो."
"तुमी म्हनता तर आसंल." मग थोड्या वेळानं, "आमाला का न्हाई हाक मारली? धा-पंधरा माणसं हाय आमी. ढकलली असती."
माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शंभर पावलांवर वस्ती. पुण्याचं वर्तुळ तपासलं, डेपो तपासला, सोसायटी तपासली. हे तिला कसं सांगायचं? जखम चांगली भरलीय म्हटलं. घरात कोरा चहा झाला. शेजारणीपण येऊन बसल्या, एकेक.

४ मार्च, शनिवार. दौंड.
एस.टी.नं आले. गाडी आज मिळाली. यशवंत गॅरेजात बरोबर आले होते. येताना शेजारी बसले आणि म्हणाले, "मला शिकव." मी हसले तर, "हसू नको. रेल्वे चालवतो आम्ही."
"तुम्ही मागच्या डब्यात बसून झेंडी दाखवता."
रागावले नाहीत. मैदानात दोन फेऱ्या मारल्या. क्लचवरून पाय काढवत नाही त्यांना. नवी प्लेट!
गाळ्याचा विषय निघाला नाही. मिटला असं म्हणता येणार नाही.

९ मार्च, गुरुवार. शिरूर.
असोसिएशनची वर्गणी पाठवली. नगर रोडपुरती, पेशंट घेऊन पुण्याला जावं लागतं म्हणून. आतल्या रस्त्याला बशीरमामा. ते म्हणाले, "ठीक. पन ट्रॅक्टर आला तर?" शिरूरभर झालेलं दिसतंय. म्हटलं, मामा, आला तर बघू. हे उत्तर नाही, मला माहीत आहे.
आबांची सून तपासणीला आली. सासऱ्यांऐवजी नणंद बरोबर. मूल अजून आडवंच. पोरगी म्हणाली, "घरी म्हनत्यात, नगरला नेऊ. मी म्हनलं, मी हितंच येनार."

१८ मार्च, शनिवार. दौंड.
सकाळी साक्षीचं समन्स आलं. एप्रिलचा दुसरा आठवडा. आबांच्या सुनेचे दिवसही त्याच सुमारास भरतात.
दुपारी निघाले. गाडी ठीक. आबांच्या गावाआधी रस्त्यानं सखूबाई चाललेली, डोक्यावर गाठोडं. दौंडला बहिणीकडं निघाली होती. थांबले. ती मागचं दार उघडायला लागली. पुढं बसा म्हटलं. "नगं, सीट खराब हुईल." पुढंच बसवलं.
सोसायटीच्या ओट्यावर आबा होते. गाडी ओळखून उठले, पायात वहाणा घातल्या. गाडी जवळ आल्यावर पुढच्या सीटवर कोण ते दिसलं असणार. उभेच राहिले. मी हॉर्न दिला नाही आणि वेगही वाढवला नाही. आरशात बघायचं होतं, पण समोरून बैलगाडी आली.
गाव मागं पडल्यावर सखूबाई म्हणाली, "तारखेला तुमी येनार नव्हं?"
"येणार."
"आन् त्या दिशी त्यांच्या सुनंचं आलं तर?"
मी गिअर बदलला. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.